निर्दोष, पण घरी नाही!

धुळ्याच्या किंवा जळगावच्या न्यायालयात न्यायाधीश सांगतात, ‘खून याच्या हातून झाला खरा, पण तेव्हा याचे चित्त ठिकाणावर नव्हते. सबब निर्दोष.’ वाचकहो, तुम्हांला वाटेल, सुटला बिचारा! छे! त्याची खरी कैद इथूनच सुरू होते. चोराला निदान सुटकेची तारीख ठाऊक असते. या निर्दोषाला तीही नाही.

कायदा म्हणतो, त्याला सुरक्षित ठिकाणी ठेवा, नाहीतर हमी देणाऱ्या नातलगाच्या किंवा स्नेह्याच्या हवाली करा. १९७३ च्या संहितेत हेच होते, २०२३ च्या संहितेच्या ३७४ व्या कलमातही हेच. प्रादेशिक मनोरुग्णालये पुणे, ठाणे, नागपूर, रत्नागिरीला. खानदेशात एकही नाही. शिरपूरचा म्हातारा बाप हमीचे कागद घेऊन तिकडे किती खेपा घालणार? आणि बाप नसेलच तर? बरा झाल्याचा दाखला मिळाला, तरी सोडण्याचा हुकूम सरकारचा!

१९८२ साली वीणा सेठी खटल्यात सर्वोच्च न्यायालयापुढे हजारीबागच्या तुरुंगातले मनोरुग्ण कैदी आले. शुद्धीवर आल्यानंतरही ते वर्षानुवर्षे आतच होते. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९२ साली फाउचा खटल्यात बजावले, आजार उरला नसेल तर केवळ धोक्याच्या शंकेवर माणूस डांबता येणार नाही.

ज्यांच्या घरचे माणूस गेले त्यांचे भय मी खोटे मानीत नाही. त्यांनाही न्यायालयात बोलू द्या. पण दर सहा महिन्यांनी न्यायाधीशाने आपणहून ते प्रकरण मागवावे, डॉक्टरांना विचारावे, त्या माणसाला समोर बसवावे. भाऊ हमी द्यायला आला नाही, एवढ्यावरून माणूस धोक्याचा ठरतो काय?