कार्ड आजारपणाआधी हवे

मार्च-एप्रिलचे दिवस. घरातील कर्ती माणसे मिरची तोडायला तेलंगणात गेलेली. मागे राहिलेली सत्तरीपलीकडची आजी पहाटेच टोपली घेऊन मोह वेचायला निघते. वाटेत पाय घसरतो आणि खुब्याचे हाड मोडते. चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांतील कोणत्याही गावावर येऊ शकेल असा हा प्रसंग. शेजारीपाजारी आधी खाटेवरून, मग मिळेल त्या वाहनाने तिला ग्रामीण रुग्णालयात नेतात. तिथे एक्स-रे निघतो आणि ‘ऑपरेशन लागेल, मोठ्या रुग्णालयात न्या’ असे सांगितले जाते. मग पैशांचा प्रश्न येतो. कोणीतरी विचारते, ‘सरकारचे कार्ड आहे ना?’ कार्ड काढलेले नसते. आधार घरी पेटीत असते, त्याला जोडलेला मोबाइल मुलाचा असतो आणि मुलगा मिरचीच्या शेतात.

या गोंधळात जाणारा वेळ आजीच्या जिवावर बेतू शकतो. म्हातारपणी खुब्याचे हाड मोडले तर शस्त्रक्रिया शक्यतो पहिल्या ४८ तासांत व्हावी, असे वैद्यकशास्त्र सांगते. वृद्ध माणूस अंथरुणाला खिळला की पाठीला जखमा होतात, फुप्फुसांत संसर्ग होतो, पायाच्या रक्तवाहिन्यांत गुठळ्या होतात. हाड मोडल्याने नव्हे, तर पडून राहिल्याने माणूस दगावतो. हृदयविकाराच्या झटक्यात आणि पक्षाघातात तर हिशेब तासांचा असतो. म्हणून सरकारी आरोग्य विम्याबाबत ज्येष्ठांना आणि त्यांच्या घरच्यांना पहिली गोष्ट सांगायची ती हीच : कार्ड आजारपणात काढायचे नसते, आजारपणाआधी काढून ठेवायचे असते.

ज्येष्ठांसाठी आज नेमके काय उपलब्ध आहे, याबद्दल गावोगावी गैरसमज आहेत. केंद्र सरकारची आयुष्मान भारत-प्रधानमंत्री जन आरोग्य योजना सप्टेंबर २०१८मध्ये सुरू झाली. ती ठरावीक यादीतील गरीब कुटुंबांसाठी होती. यादीत नाव नसेल तर लाभ नाही, अशी तिची रचना. २९ ऑक्टोबर २०२४ रोजी तिच्यात मोठा बदल झाला. वयाची ७० वर्षे पूर्ण केलेल्या प्रत्येक नागरिकाला, उत्पन्न कितीही असले तरी, वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतच्या मोफत उपचारांचे संरक्षण मिळाले. त्यासाठी ‘आयुष्मान वय वंदना’ हे स्वतंत्र कार्ड दिले जाते. पिवळे रेशनकार्ड, दारिद्र्यरेषा, सातबारा यांपैकी काहीही विचारले जात नाही. आधार आणि त्यावरील वय एवढेच पाहिले जाते. साखर, रक्तदाब, दमा असे जुने आजार असले तरी पहिल्या दिवसापासून संरक्षण मिळते. खासगी विम्याप्रमाणे थांबावे लागत नाही.

इथे दोन बारकावे लक्षात ठेवायला हवेत. ज्यांच्याकडे आधीचे आयुष्मान कार्ड आहे, त्यांनाही सत्तरीनंतर नव्याने केवायसी करून वय वंदना कार्ड घ्यावे लागते. त्याचा फायदा असा की, घरातील ७० वर्षांवरील सदस्यांना वेगळे ५ लाख मिळतात. मुलाच्या किंवा नातवाच्या आजारपणात ते खर्च होत नाहीत. मात्र नवरा-बायको दोघेही सत्तरीपुढचे असतील तर ही रक्कम दोघांत मिळून असते. दुसरा बारकावा निवृत्त कर्मचाऱ्यांसाठी. भद्रावतीच्या आयुध निर्माणीतून निवृत्त झालेले कामगार असोत की माजी सैनिक, ज्यांना केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या किंवा माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचा लाभ मिळतो, त्यांना दोहोंपैकी एकच निवडावी लागते. घाईने कार्ड काढण्याआधी त्यांनी आपल्याला कोणती सोयीची आहे, याचा विचार करावा. खासगी विमा असलेल्यांना आणि राज्य कामगार विमा योजनेतील ज्येष्ठांना मात्र अशी अट नाही.

राज्याची महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना ही दुसरी बाजू. तिचा आणि गडचिरोलीचा संबंध जुना आहे. २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावाने ती पहिल्यांदा ज्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत गडचिरोली होता. २०१३मध्ये ती राज्यभर गेली, २०१७मध्ये नाव बदलले. पूर्वी दीड लाखाची असलेली मर्यादा आता कुटुंबामागे वर्षाला ५ लाख आहे आणि पांढरे रेशनकार्ड असलेल्यांसह राज्यातील सर्व कुटुंबांना ती खुली आहे. तिला वयाची अट नाही. रेशनकार्ड आणि आधारसारखे फोटो असलेले ओळखपत्र दाखवले की योजनेतील रुग्णालयात लाभ मिळतो.

ही गोष्ट महत्त्वाची ठरते ती आधारवरील वयामुळे. या भागातील अनेक वृद्धांची जन्मतारीख कधी कुठे नोंदलीच गेली नव्हती. आधार काढताना अंदाजाने वर्ष टाकले गेले. पंचाहत्तरीचा म्हातारा कागदावर पासष्टचा निघतो आणि वय वंदना कार्ड नाकारले जाते. आधारमधील जन्मतारीख साधारणपणे एकदाच दुरुस्त करता येते आणि त्यासाठी पुरावा लागतो. शाळेचा दाखला नसलेल्या माणसाने तो कुठून आणायचा? अशा वेळी ‘तुम्हाला विमा नाही’ असे सांगून परत पाठवणे चुकीचे आहे. कागदावर सत्तरी गाठलेली नसली तरी फुले योजना त्यांच्यासाठी आहेच.

नोंदणी अवघड नाही, पण ती कुठे आणि कशी होते, ते माहीत हवे. आपले सरकार सेवा केंद्र, गावची आशा सेविका किंवा योजनेतील रुग्णालयातील आरोग्यमित्र यांच्याकडे चौकशी करता येते. घरात कोणाकडे स्मार्टफोन असेल तर आयुष्मान ॲपवरूनही कार्ड काढता येते. ओळख पटवण्यासाठी मोबाइलवरील ओटीपी, बोटांचे ठसे, डोळ्यांची बुबुळे आणि चेहरा असे चार मार्ग आहेत. आयुष्यभर धानाच्या बांधीत आणि तेंदूपानाच्या फळीवर राबलेल्या हातांचे ठसे अनेकदा यंत्रावर उमटत नाहीत. तेव्हा ‘ठसा येत नाही, काम होणार नाही’ असे ऐकून परत फिरू नये; चेहऱ्यावरून ओळख पटवा, असा आग्रह धरावा. कार्डासाठी पैसे लागत नाहीत. कोणी अनोळखी माणूस फोन करून ‘कार्ड मंजूर झाले, ओटीपी सांगा’ म्हणाला तर सांगू नये. केंद्राच्या योजनेसाठी १४५५५ आणि राज्याच्या योजनेसाठी १५५३८८ हे निःशुल्क क्रमांक आहेत. ते घराच्या भिंतीवर लिहून ठेवावेत.

कार्ड हाती आले तरी ते कोणत्याही दवाखान्यात चालत नाही. योजनेत समाविष्ट असलेल्या रुग्णालयातच चालते, आणि तिथेही त्या रुग्णालयाला मान्यता असलेल्या उपचारांसाठीच. काही शस्त्रक्रिया फक्त सरकारी रुग्णालयांसाठी राखीव आहेत. त्यामुळे आपल्याला असलेल्या आजारावर जवळचे कोणते रुग्णालय योजनेत उपचार करते, हे आधीच विचारून ठेवणे शहाणपणाचे. सिरोंचा, राजुरा, जिवतीकडची माणसे उपचारासाठी तेलंगणात जातात, कोरची-कुरखेड्याकडची छत्तीसगडात. आयुष्मान कार्ड या राज्यांतील योजनेत असलेल्या रुग्णालयांतही चालते. सीमेवरच्या ज्येष्ठांसाठी वय वंदना कार्डाचे खरे मोल इथे आहे. आणीबाणीत कागद नाहीत म्हणून उपचार थांबवायचे नसतात. फुले योजनेत फोनवरून मंजुरी घेऊन उपचार सुरू करण्याची आणि कागद नंतर देण्याची सोय आहे.

रुग्णालयात दाखल झाल्यावर खाट, तपासण्या, औषधे, शस्त्रक्रिया, लागणारे साहित्य हे सगळे योजनेत येते. फुले योजनेत रुग्णाचे जेवण आणि घरी परतण्याचे एकवेळचे एसटी किंवा रेल्वेचे भाडेही येते. हे अनेकांना माहीत नसते, म्हणून मागितले जात नाही. घरी सोडल्यानंतरही केंद्राच्या योजनेत १५ दिवसांपर्यंतच्या औषधांचा खर्च समाविष्ट असतो. ‘आधी पैसे भरा, मंजुरी आली की परत देऊ’ असे कोणी म्हणत असेल तर आरोग्यमित्राला विचारावे, वरच्या क्रमांकांवर तक्रार करावी. भरलेल्या प्रत्येक पैशाची पावती घ्यावी आणि वाचून घेतल्याशिवाय कुठेही अंगठा देऊ नये.

योजनेत काय बसत नाही, तेही स्पष्टपणे सांगायला हवे. दाखल न होता केलेली तपासणी, रोजच्या रक्तदाबाच्या आणि साखरेच्या गोळ्या, चष्मा, कवळी यांचा खर्च त्यात नाही. वृद्धांचा बहुतेक खर्च मात्र इथेच असतो. त्यावर उपाय जवळ आहे. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत, ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३पासून केसपेपरसह सर्व सेवा मोफत आहेत. रक्तदाबाची गोळी तिथून दरमहा नियमित घेतली तर पाच लाखांच्या कार्डाची वेळ येण्याची शक्यता कमी होते. ज्येष्ठांसाठी सर्वांत मोठा विमा खरे तर हाच आहे.

ज्येष्ठांनी आणि घरच्यांनी करायचे ते एवढे. पण सगळा भार त्यांच्यावर टाकून प्रशासनाला मोकळे होता येणार नाही. भामरागडहून गडचिरोलीला जायला दिवस मोडतो. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की तो रस्ताही बंद. सिरोंचा ते गडचिरोली हे अंतर दोनशे किलोमीटरहून अधिक आहे. अशा ठिकाणच्या ऐंशी वर्षांच्या माणसाने नेटवर्क शोधत तालुक्याला यावे, ही अपेक्षाच चुकीची आहे. ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना २०२२मध्ये एसटीचा प्रवास मोफत झाला, तेव्हा वयाचा पुरावा दाखवण्यापलीकडे त्यांना फारसे काही करावे लागले नाही. म्हणूनच ती सवलत दुर्गम गावातल्या म्हाताऱ्यांपर्यंत पोहोचली. आरोग्य विम्याची पहिली पायरीही तितकीच सोपी हवी.

ज्येष्ठांची यादी शोधायलाही कुठे जायला नको. श्रावणबाळ योजनेचे निवृत्तिवेतन घेणाऱ्या वृद्धांची नावे तहसील कार्यालयात आहेत. रेशन दुकानाच्या यंत्रात घरातल्या प्रत्येकाची नोंद आहे. आशा सेविकेला तर गावातील म्हातारी माणसे तोंडपाठ असतात. या तीन याद्या जुळवल्या की कोणत्या टोल्यावर किती जणांचे कार्ड बाकी आहे, हे कळू शकते. ज्या दिवशी रेशनचे धान्य वाटले जाते, त्या दिवशी दुकानाशेजारीच कार्डाचे टेबल लावावे. अंथरुणाला खिळलेल्यांच्या घरी जावे. जिथे नेटवर्क नाही, तिथली माणसे ठरावीक दिवशी नेटवर्क असलेल्या जवळच्या गावी वाहनाने आणावीत. हे सगळे पावसाळ्यापूर्वी, आणि मिरची-तेंदूपानासाठी बाहेर गेलेली मुले गावात असताना व्हावे, म्हणजे ओटीपीचा मोबाइलही सोबत असेल.

भाषेचा मुद्दाही लहान नाही. माडिया आणि गोंडी बोलणारी आजी, सिरोंच्याचे तेलुगू बोलणारे आजोबा, मुलचेऱ्यातील बंगाली कुटुंब नागपूरच्या रुग्णालयातील खिडकीपुढे गप्प उभे राहतात. या दोन जिल्ह्यांतून रुग्ण जातात, त्या मोठ्या रुग्णालयांत त्यांच्या भाषा जाणणारा एखादा आरोग्यमित्र नेमणे ही फार खर्चाची गोष्ट नाही. रुग्णासोबत येणाऱ्या नातेवाइकाची बुडणारी मजुरी आणि राहण्याची सोय हा प्रश्न अजून कोणत्याच योजनेने नीट हाती घेतलेला नाही. अनेक कुटुंबे ऑपरेशन फुकट असूनही परत फिरतात, ती या कारणाने.

विमा योजना सुरू झाल्यापासून किती कार्डे निघाली, याचे आकडे जाहीर होतात. गडचिरोलीने ही योजना एका तपाहून अधिक काळ पाहिली आहे. आता विचारायचे ते वेगळे. सत्तरीपुढच्या किती माणसांच्या हातात आज कार्ड आहे, त्यांच्यापैकी किती जणांना ते कुठे चालते हे ठाऊक आहे, आणि खुबा मोडलेली किती माणसे ४८ तासांत ऑपरेशनच्या टेबलावर पोहोचली? जिल्हा प्रशासनाने हे तीन आकडे दरवर्षी मांडावेत. आणि वाचकांनी तोवर एक काम करावे : घरातील, शेजारच्या ज्येष्ठांचे आधार पेटीतून काढावे, त्यावरील वय पाहावे आणि या आठवड्यातच कार्डाची चौकशी करावी.