कुबडवाला रेनकोट

मागच्या शनिवारी आमच्या ग्रुपमधले सहा जण लोहगडला जाऊन आलो. सगळ्यांच्या स्टेटसला एकच फोटो: गुडघ्यापर्यंत चिखल, कपाळाला चिकटलेले केस आणि चेहऱ्यावर जग जिंकल्याचा आनंद. सोमवारी सकाळी ते ओले बूट गॅलरीत तसेच टाकून मी नर्सरीत गेले, तर खिडकीच्या गजांना नाक लावून अठरा मुलं बाहेर बघत उभी. बाहेर पुण्याचा तो नेहमीचा भुरभुर पाऊस. छत्री उघडावी की नको, असा विचार करायला लावणारा. आणि आत ताई सांगतायत, ‘‘आज पाऊस आहे ना, आज ग्राउंड नाही.’’

मी टीवायला आहे, विषय मानसशास्त्र. जूनपासून घराजवळच्या एका नर्सरीत सकाळचे दोन तास मदतीला जाते. नर्सरी चांगली आहे, ताई प्रेमळ आहेत, म्हणून नाव सांगत नाही. शिवाय ही गोष्ट काही त्या एकाच नर्सरीची नाही. आपल्याकडे शाळा जूनमध्ये सुरू होते आणि पाऊसही जूनमध्येच येतो. तीन वर्षांचं मूल आयुष्यात पहिल्यांदा शाळेत येतं आणि पहिले साडेतीन-चार महिने त्याला कळतं ते एवढंच, की शाळा म्हणजे एक खोली, एक ट्यूबलाइट आणि ‘खाली बस’.

मी विचारलं, रेनकोट तर सगळ्यांकडे आहेत, मग नेऊ या ना दहा मिनिटं? ताई हसल्या. म्हणाल्या, ‘‘घालून बघ एकदा अठरा जणांना.’’

घातले. आणि त्या दिवशी मला पहिल्यांदा दिसलं, की आपल्याकडचा लहान मुलांचा रेनकोट खेळायला शिवलेलाच नसतो. त्याच्या पाठीला मोठं कुबड असतं. दप्तर भिजू नये म्हणून! दप्तर काढलं की ते कुबड मागे लोंबतं, त्यात वारा भरतो आणि मूल घसरगुंडीवर बसलं की ते त्याच्याच खाली अडकतं. टोपी इतकी मोठी, की मान वळवली तरी टोपी समोरच बघत राहते. बाह्या बोटांच्या पुढे चार इंच, कारण ‘पुढच्या वर्षीही व्हायला हवा’. वर प्लॅस्टिक असं जाड, की आपल्या पावसातल्या उकाड्यात पाच मिनिटं पळालं तरी मूल आतून घामाने भिजतं. म्हणजे बाहेरून कोरडं, आतून ओलं. हा रेनकोट मुलासाठी नाहीच, वह्यांसाठी आहे. रिक्षातून उतरून वर्गात पोचेपर्यंत चालेल, बास.

घरी येऊन आजीला हे सांगितलं. तिचं माहेर कोकणातलं. ती म्हणाली, ‘‘आम्ही इरलं घ्यायचो.’’ बांबूच्या कामट्यांचा सांगाडा, मध्ये दाबून बसवलेली पानं, डोक्यावरून पाठभर येणारं. भातलावणीला दिवसभर वाकायचं असतं, म्हणून पाठ झाकलेली आणि दोन्ही हात मोकळे. हल्ली त्यावर प्लॅस्टिकचा कागदही लावतात. मला ते ऐकून एकदम पटलं. पावसात काम करणाऱ्या माणसाने आपल्यासाठी जे बनवलं, त्यात हात मोकळे ठेवायची सोय होती. तीन वर्षांच्या मुलाचं काम म्हणजे खेळणं. त्याला इरल्याच्या जातीचं काहीतरी हवं आणि आपण त्याला दप्तराची खोळ घालतो.

मग काय घालायचं? महागडं काही नाही. कुबड नसलेलं, पुढून उघडणारं पातळ जाकीट, कमरेपर्यंतच. खाली इलॅस्टिकची पावसाळी पँट, आणि ती गमबुटांच्या वरून सोडायची. बुटात खोचली की पायावरून ओघळणारं पाणी सरळ बुटात जातं आणि मूल पचक पचक चालायला लागतं. (त्यांना ते आवडतं, हा भाग वेगळा.) आत जीन्स नकोच. ओली जीन्स त्या एवढ्याशा पायांना जड होते आणि जुलैमध्ये ती कधी वाळेल ते देवालाच ठाऊक. साधी हाफ पँट आणि पूर्ण बाह्यांचा पातळ टीशर्ट पुरतो. बाह्या पूर्ण, कारण डेंग्यूचा डास दिवसा चावतो. आणि पिशवीत एक कोरडा जोड, टॉवेल, नाव लिहिलेलं. खरं तर पावसाळी कपड्यांमध्ये सगळ्यात महत्त्वाचा कपडा तोच, आल्यावर घालायचा.

अठरा जणांना घालायला वेळ लागतो हे खरं. पहिल्या दिवशी आम्हाला अर्धा तास लागला आणि निम्म्यांना बूट चढवून झाल्यावर शू आली. आता आधी शू, मग पँट, मग बूट, शेवटी जाकीट. जाकिटासाठी एक युक्ती आहे. ते जमिनीवर उघडून पसरायचं, आतली बाजू वर, टोपी मुलाच्या पायाशी. मुलाने वाकून दोन्ही बाह्यांत हात घालायचे आणि सगळं डोक्यावरून मागे टाकायचं. घातलं गेलं! आठवडाभरात बारा जण स्वतःचं स्वतः घालायला लागले. वर्गात बटण लावायचा तक्ता भिंतीवर टांगलेला असतो, त्यापेक्षा हे बरं.

आता तुमच्या मनात असेल, सर्दी झाली तर? सर्दी विषाणूंनी होते. खिडक्या लावून अठरा मुलं एका खोलीत एकमेकांच्या तोंडावर शिंकत बसतात, तिथे विषाणूंची सोय जास्त. भिजलेल्या कपड्यांत पंख्याखाली बसवणं चूक, पण त्यावर उपाय टॉवेल आहे, कुलूप नाही. मात्र काही गोष्टींत मी ताईंच्या बाजूची आहे. वीज कडाडत असेल तर सगळे आत. ज्याला दमा आहे त्याचं त्याच्या डॉक्टरांना विचारून. आणि रस्त्यावर तुंबलेल्या पाण्यात पाय अजिबात नाही. त्यात उंदरांचं मूत्र मिसळलेलं असतं आणि पायाला साधी जखम असली तरी लेप्टो होऊ शकतो. पण नर्सरीच्या अंगणात आज सकाळी साठलेलं डबकं आणि तुंबलेलं गटार, यांत फरक करता येतो की आपल्याला.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला काम सुरू केलं, पुढे कोसबादला नेलं. मूल शाळेपर्यंत येत नाही ना, मग शाळाच त्याच्या अंगणात न्यायची, ही ती अंगणवाडी. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी त्यांनी कुरणशाळाही काढली. आज त्या शब्दातली ‘वाडी’ आपल्याकडे राहिली आहे. अंगण बघायचं असेल तर खिडकीत उभं राहा.

इथपर्यंत मी फार शहाणी होते. मग तिसऱ्या दिवशी एक मुलगी बाहेर यायलाच तयार होईना. पांढरी लेगिंग, फ्रिलचा फ्रॉक. दाराच्या चौकटीत उभी, एक पाऊल बाहेर, एक आत. ‘‘ताई, आई रागावेल.’’ शेजारून तीन मुलगे धाडकन डबक्यात गेले. त्यांच्या आया रागावत नाहीत असं नाही, पण मुलग्यांचा चिखल लवकर माफ होतो, हे तुम्हाला-मला चांगलंच माहीत आहे. मी तिच्या आईशी बोलायचं ठरवलं. मनात भाषण तयार होतं.

साडेबाराला त्या धावत आल्या, अंगावर ऑफिसचं ओळखपत्र. मी सुरुवात केली आणि त्यांनी एवढंच विचारलं, ‘‘अगं, वाळवू कुठे?’’ एका खोलीचं घर, पंख्याला बांधलेली दोरी, त्यावर आधीच चार माणसांचे कपडे. युनिफॉर्मचे दोनच जोड आणि फ्रॉकच्या दिवशी हाच चांगला फ्रॉक. रात्री आठला घरी आल्यावर धुणार कोण, तर त्याच. माझा लोहगडचा चिखल कोणी धुतला, ते मला तेव्हा आठवलं. मी नव्हता धुतला.

म्हणून मला वाटतं, पालकांच्या ग्रुपवर ‘मुलांना मनसोक्त भिजू द्या’ असा मेसेज टाकून काही होणार नाही. चिखलाचे कपडे नर्सरीनेच ठेवायला हवेत. मोठ्या झालेल्या मुलांचे जुने टीशर्ट, हाफ पँटी, कुबड कापून शिवलेले रेनकोट, सगळं एका पेटीत. बाहेर जाताना ते घालायचे, आल्यावर काढायचे, तिथेच धुऊन तिथेच वाळवायचे. धुण्याचा भार मावशींवर टाकायचा असेल तर त्या कामाचे वेगळे पैसे द्यायचे, नाहीतर एका बाईचं धुणं दुसरीच्या डोक्यावर गेलं एवढंच होईल. मोठ्या ताईंना हे सांगितलं. पैशांचं त्या ‘बघू’ म्हणाल्या आहेत. पेटीला मात्र हो म्हणाल्या.

ग्रुपमधल्या सहा जणांच्या घरून आतापर्यंत दोन पिशव्या जुने कपडे आलेत. पावसाळी पँटी कमी पडतायत, साइज तीन ते चार वर्षं. ती मुलगी काल पेटीतला निळा टीशर्ट घालून बाहेर आली. डबक्याच्या काठावर उभी राहिली, एक बूट बुडवला आणि वळून मला विचारलं, ‘‘हा कोणाचा आहे?’’ म्हटलं, कोणाचाच नाही. मग तिने दुसराही बुडवला.