पन्नास रुपयांचा चाकू

(तृतीय वर्ष, कला)

संध्याकाळची कर्जत लोकल बदलापूरला निम्मी रिकामी झाली की स्टेशनबाहेरच्या रस्त्याला जत्रेचे रूप येते. भाजी, गजरे, वडापाव आणि रिक्षांचे भोंगे यांच्या गर्दीत एखादा विक्रेता प्लॅस्टिकचा कागद अंथरून बसलेला असतो. त्या कागदावर नेलकटर असतात, कंगवे असतात, मोबाइलच्या वायरी असतात आणि एका कोपऱ्यात चकचकीत घडीचे चाकू मांडलेले असतात. "कोई भी लो, पचास!" अशी आरोळी कानावर पडते आणि पाय थबकतात. थबकणाऱ्यांत विद्यार्थीच अधिक. पन्नास रुपयांत पोलादाचे पाते, खटका, वर किल्ल्यांना अडकवायची कडी! याहून स्वस्त काय असणार?

असे तीन चाकू मी आजवर विकत घेतले. एक लोकलच्या गर्दीत हरवला, दुसरा पेरू कापताना सांध्यातून निखळला. तिसऱ्याची आठवण माझ्या उजव्या हाताच्या तर्जनीवर आजही आहे. तेव्हा 'स्वस्तातला घडीचा चाकू घ्यावा की न घ्यावा' या प्रश्नावर चार शब्द लिहिण्याचा अधिकार मला आहे, असे मी समजतो.

आधी तिसऱ्या चाकूची हकिगत सांगतो. जुलै २०१९ चा पूर बदलापूरकरांच्या चांगलाच स्मरणात आहे. २७ जुलैला बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्यात अडकली आणि हजारभर प्रवाशांना सोडवावे लागले, ते सगळ्या देशाने पाहिले. त्याच पुरात उल्हास नदीच्या अंगाला असलेल्या माझ्या मामाच्या पडवीत पाणी शिरले. मी तेव्हा शाळेत होतो आणि सुटीसाठी तिथेच राहायला गेलो होतो. पडवीत दोन शेळ्या नायलॉनच्या दोरीने खांबाला बांधलेल्या होत्या. भिजलेली गाठ काही केल्या सुटेना. पाणी घोट्यावरून गुडघ्यापर्यंत चढले. शेळ्या ओरडत होत्या. मी मोठ्या ऐटीत खिशातून चाकू काढला. त्याची मूठ लष्करी रंगाची होती, तिच्यावर एक छोटे होकायंत्रही बसवलेले होते. पाते दोरीवर घासले तर दोरीचे दोन धागे सुटले आणि तिसऱ्याला धारच लागेना. मग मी टोक गाठीत खुपसून जोर लावला. त्या जोराने खटका सरकला आणि पाते माझ्याच बोटावर मिटले.

मामीने घरातून कोयता आणला. लाकडी मुठीचा, काळपट, दिसायला अगदीच गावठी. दोन घावांत दोन दोऱ्या तुटल्या आणि शेळ्या शेजाऱ्यांच्या जिन्यावर पोहोचल्या. संध्याकाळी माझ्या बोटाला पाच टाके पडले आणि धनुर्वाताचे इंजेक्शन मिळाले. डॉक्टरांची फी आणि औषधे मिळून चाकूच्या किमतीच्या कितीतरी पट खर्च झाला. चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला ही म्हण शाळेत पाठ केली होती, तिचा अर्थ त्या दिवशी कळला. बोट वाचले, पण ते अजून पुरते मिटत नाही. परीक्षेत तीन तास लिहिताना दुसऱ्या तासापासून ते आपली आठवण करून देते.

माझे वडील अंबरनाथच्या एका लहानशा कारखान्यात फिटर आहेत. त्यांनी मला रागे भरले नाही. त्यांनी तो चाकू मागून घेतला, टेबलावर ठेवला आणि पात्याच्या कडेवर कानस फिरवली. कानशीने लोखंड खाल्ले. "बघ, याला पाणीच नाही," ते म्हणाले. चांगल्या पात्यावर कानस घसरते, धरत नाही. मग त्यांनी मला 'पाणी देणे' म्हणजे काय ते समजावले. पोलाद लालभडक तापवून तेलात किंवा पाण्यात एकदम बुडवले की ते अतिशय कठीण होते, पण काचेसारखे ठिसूळही होते. म्हणून ते पुन्हा दोनेकशे अंशांपर्यंत हलके तापवायचे. त्याने ठिसूळपणा जातो आणि धार टिकण्याइतका कठीणपणा उरतो. आपण माणसाला 'पाणीदार' म्हणतो तेव्हा तो शब्द कुठल्याही अर्थाने म्हणत असू, मला मात्र त्या दिवसापासून त्यात लोहाराची भट्टी दिसते.

नंतर वडिलांनी चाकू उघडून पाते डावीकडे-उजवीकडे हलवले. ते सैल दातासारखे हलले. "पाते कसे का असेना," ते म्हणाले, "घडीच्या चाकूत पैसा सांध्यात असतो." या एका वाक्याने माझ्या सगळ्या प्रश्नाचे उत्तर दिले. या लेखातही मला मुख्यतः तेवढेच सांगायचे आहे.

विचार करा. साध्या सुरीत दोनच गोष्टी असतात, पाते आणि मूठ. घडीच्या चाकूत त्याशिवाय एक खीळ लागते, ती भोकात नेमकी बसावी लागते. पाठीमागे कमान किंवा खटका लागतो, तो पात्याच्या टाचेला अचूक अडावा लागतो. पाते मिटल्यावर त्याची धार मुठीच्या बाहेर येता कामा नये आणि उघडल्यावर ते हलता कामा नये. केसाएवढी चूक झाली तरी सांधा सैल होतो. ही अचूकता यंत्राने येवो की हाताने, ती फुकट येत नाही. आता पन्नास रुपयांतून विक्रेत्याचा नफा, व्यापाऱ्याचा नफा, वाहतूक आणि वेष्टन वजा करा. उरलेल्या पैशात कारखानदाराला चांगले पाते देता येईल किंवा चांगला सांधा देता येईल. दोन्ही देता येणार नाही. वर होकायंत्र, बाटली उघडायचा आकडा आणि लष्करी रंग दिला असेल, तर बहुधा पातेही नाही आणि सांधाही नाही!

यावर माझा एक मित्र म्हणतो, "अरे, लोकलमध्ये हरवायचाच आहे, मग महाग कशाला घ्यायचा?" दुसरा म्हणतो, "पाचशे रुपयांचा चाकू घेणे ही बड्यांची चैन आहे. आम्ही काय दातांनी दोरी तोडायची?" पहिल्याचा मुद्दा मी हसण्यावारी नेतो. दुसऱ्याचा नेता येत नाही. आमच्या महाविद्यालयातील बहुतेकांच्या खिशात महिन्याचा पास काढल्यावर किती उरते, ते मला ठाऊक आहे. 'स्वस्त घेऊ नका' असा उपदेश करणे सोपे असते, कारण तो करणाऱ्याला बहुधा स्वस्त घ्यावे लागत नाही.

शिवाय स्वस्त म्हणजे वाईट, हे मुळात खरेच नाही. त्याचा पुरावा आपल्या शेजारच्याच गावात आहे. १९२० च्या दशकात स्वीडिश भांडवलावर वेस्टर्न इंडिया मॅच कंपनी, म्हणजेच विमको, उभी राहिली आणि तिचा आगपेट्यांचा कारखाना ही अंबरनाथची ओळख झाली. आगपेटीहून स्वस्त वस्तू घरात दुसरी नसेल. तरीही काडी ओढली की पेटते, कारण त्या वस्तूत अनावश्यक असे काही नाही. काडी, गूल आणि घासायची पट्टी, संपले. ती स्वस्त आहे ती साधी आहे म्हणून. आमचा होकायंत्राचा चाकू स्वस्त होता तो खोटा होता म्हणून. या दोन स्वस्ताईंत जमीन-अस्मानाचे अंतर आहे.

घडीचा चाकूदेखील असा साधा आणि प्रामाणिक करता येतो. जपानमधील मिकी गावात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून 'हिगोनोकामी' नावाचा चाकू बनतो. दुमडलेल्या पत्र्याची मूठ, एक पाते, एक खीळ. त्यात खटकाही नाही आणि कमानही नाही. पात्याच्या शेपटीवर अंगठा दाबून धरायचा, एवढाच त्याचा बंदोबस्त. तिथल्या शाळकरी मुलांच्या अनेक पिढ्यांनी त्याने पेन्सिली तासल्या. फ्रान्समध्ये १८९० च्या सुमारास जोसेफ ओपिनेल यांनी लाकडी मुठीचा असाच शेतकऱ्याचा चाकू काढला. १९५५ मध्ये त्याच्या मानेवर फिरते कडे बसवले, ते फिरवले की पाते मिटत नाही. आणि परदेश कशाला हवा? आपल्या आजोबांच्या चंचीतला अडकित्ता आठवा. दोन दांडे आणि एक खीळ. तीन पिढ्यांच्या सुपाऱ्या कातरून तो अजून सैल होत नाही. तो घडवणाऱ्याने शोभेला एखादा मोर काढला असेल, पण खिळीशी बेइमानी केली नाही.

मग बाजारात खोट्या स्वस्ताईचाच सुळसुळाट का? जॉर्ज अकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजारावर एक निबंध लिहिला. पुढे २००१ च्या नोबेल पारितोषिकात त्याला वाटा मिळाला, तो याच विचारासाठी. त्याचे म्हणणे थोडक्यात असे की, वस्तूचा दर्जा विकणाऱ्याला कळतो पण घेणाऱ्याला दिसत नाही, अशा बाजारात गिऱ्हाईक सरासरी किंमतच द्यायला तयार होते. त्या किमतीत चांगली वस्तू परवडत नाही, म्हणून ती बाजारातून निघून जाते आणि वाईट तेवढी उरते. पात्याचे पाणी डोळ्यांना दिसत नाही. होकायंत्र दिसते. म्हणून कारखानदार होकायंत्रावर खर्च करतो. दोष एकट्या विक्रेत्याचा नाही, आपल्या न पाहण्याचाही आहे.

या ठिकाणी उल्हासनगरचा तो जुना विनोद कुणाला तरी आठवेलच. 'मेड इन यू.एस.ए.' म्हणजे 'उल्हासनगर सिंधी असोसिएशन' म्हणे! आपण सगळेच तो सांगतो आणि हसतो. पण फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीतील बराकींत निर्वासितांनी संसार मांडले आणि १९४९ मध्ये त्या वस्तीला उल्हासनगर हे नाव मिळाले, हेही त्याबरोबर आठवावे. हाती काही नसताना हाताने बनवून विकणाऱ्यांच्या गावाला हसणे मला अवघड वाटते. वस्तू कुठे बनली यावरून ती खरी की खोटी ते ठरत नाही. सांधा पाहावा, शिक्का पाहू नये.

तो सांधा पाहावा कसा? वडिलांनी शिकवलेल्या चार गोष्टी सांगतो. चाकू पूर्ण उघडून पाते आडवे हलवून पाहा. हलले तर ठेवून द्या. मिटलेल्या चाकूवरून बोट न फिरवता डोळ्यांनी पाहा. धार मुठीच्या वर दिसली तर ठेवून द्या. बोटे पात्याच्या वाटेतून बाजूला ठेवून पात्याची पाठ लाकडावर हळूच दाबा. खटका सुटला तर तो चाकू विकत घेण्याच्या लायकीचा नाही. शेवटी एक लहान लोहचुंबक लावा. चिकटले म्हणजे पाते चांगले असे नव्हे, पण मुळीच चिकटले नाही तर त्या जातीच्या पोलादाला पाणी देताच येत नाही, हे पक्के. विक्रेता कंटाळेल, कदाचित रागावेल. रागावू द्या.

आमच्या प्राध्यापकांपैकी कुणी भुवया उंचावण्यापूर्वी एक खुलासा करतो. चाकू म्हटले की हिंदी चित्रपटातला रामपुरी डोळ्यांसमोर येतो. त्या चाकूविषयी मी बोलत नाही. पेन्सिल, सुतळी, कैरी आणि पार्सलची चिकटपट्टी यांच्यापुरताच माझा प्रश्न आहे. कायद्याने नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पाते शस्त्रांत मोडते, घरगुती आणि शेतीची अवजारे त्यातून वगळलेली आहेत. शिवाय पोलिसांचे मनाई आदेश वेळोवेळी निघतात. महाविद्यालयात, सभेत किंवा मिरवणुकीत खिशात चाकू बाळगण्याचे कारण नाही. बाळगूही नये.

तर मग घ्यावा की न घ्यावा? माझे मत असे आहे. खिशात पन्नासच रुपये असतील, तर घडीचा चाकू घेऊ नये. त्याच पैशात भांड्यांच्या दुकानात एक साधी, न मिटणारी छोटी सुरी मिळते. तिच्यात सांधा नाही, म्हणून सांध्याची लबाडीही नाही. तिला पुठ्ठ्याचे म्यान घरी शिवावे. जुन्या दगडावर पाणी टाकून महिन्यातून एकदा धार लावावी. पाते मऊ असले तर धार लवकर जाईल, पण तितक्याच लवकर परत येईल. गल्लीत सायकलचे चाक फिरवीत धारवाला आला, तर त्याला हाक मारावी. असे लोक आता फारसे दिसत नाहीत, कारण पन्नास रुपयांच्या पात्याला धार लावून घेण्यापेक्षा ते फेकणे आपल्याला सोपे वाटते. आणि घडीचाच चाकू हवा असेल, तर पैसे साठवावेत, थांबावे आणि एक पाते, एक खीळ असलेला बिनडामडौली चाकू घ्यावा. होकायंत्र असलेला घेऊ नये. बदलापुरात उत्तर दिशा सापडण्यासाठी अजून तरी कुणाला चाकू लागलेला नाही.

मामीचा तो कोयता आजही पडवीत खुंटीला अडकवलेला आहे. गेल्या पावसाळ्यात मी त्याला धार लावून दिली. दगडावर पाते ओढताना तर्जनी पुरती मिटत नाही म्हणून वेळ जरा जास्त लागला. मामी म्हणाली, "राहू दे रे, मी लावते." मी म्हटले, "नको मामी, एवढे माझ्याकडे लागू आहे."