बाप्पाच्या अंगावर कुणाचा अंगरखा?

आषाढ संपत आला की पाट घेऊन गणपतीच्या कारखान्यात जायचे, हा आमचा पनवेलकरांचा जुना रिवाज. 2022 साली असाच गेलो, तर फळीवर हनुवटीखालून हात फिरवणारा गणपती बसलेला! डिसेंबर 2021 मध्ये ‘पुष्पा’ आला आणि आठ महिन्यांत त्याची ऐट बाप्पाच्या अंगात शिरली. शेजारच्या आजोबांनी ‘हा काय चावटपणा!’ म्हणून कपाळाला आठ्या घातल्या. त्यांच्या नातवाने मात्र तोच गणपती हवा म्हणून भोकाड पसरले.

मला राग आला नाही, गंमत वाटली. 2014-15 मध्ये ‘जय मल्हार’ मालिकेच्या खंडोबाचा वेश गणपतीला चढला होता. 2015 मध्ये खांद्यावर शिवलिंग घेतलेला ‘बाहुबली’ गणपती आला. पनवेलहून गोवा महामार्गाला लागले की तासाभरात पेण येते. तिथल्या आणि हमरापूर-जोह्याच्या कारखान्यांत सिनेमाच्या लाटेबरोबर नवा साचा पडतो. डोळ्यांची आखणी करणारा हात जुनाच असतो, अंगरखा तेवढा बदलतो.

हेच चित्रकाराने केले की आपण टाळ्या वाजवतो. घाटकोपरच्या अतुल डोडियांनी 1994 मध्ये ‘बाजीगर’च्या पोस्टरवरून स्वतःचेच चित्र काढले आणि काळ्या चष्म्याच्या काचांत भूपेन खक्कर व डेव्हिड हॉकनी या दोन चित्रकारांना बसवले. सुबोध गुप्तांनी स्टीलच्या भांड्यांची अजस्र कवटी 2006 मध्ये थेट पॅरिसला नेऊन मांडली. त्यावर पुस्तके निघतात. पेणच्या मूर्तिकाराने तोच खेळ खेळला की तो बाजारूपणा! फरक एवढाच, की त्याच्या कलाकृतीखाली सही नसते आणि दीड दिवसात ती पाण्यात जाते.

आणि हा खेळ आजचा नाही. पुण्याच्या भाऊसाहेब रंगारींचा गणपती राक्षसाला मारतो आहे. तो 1892 चा की नंतरचा, हा वाद पुणेकरांनी खुशाल घालावा. पण तो राक्षस म्हणजे इंग्रज सरकार, हे बघणाऱ्याला न सांगता कळत होते. लालबागच्या मंडळानेही चाळीसच्या दशकात सुभाषबाबू, नेहरू यांच्या रूपात गणपती बसवले. पुढे मात्र त्याच लालबागच्या ‘राजा’चे एकच रूप कायम झाले, आणि आता घरोघरी त्याचीच फूटभर नक्कल हवी असते. दगडूशेठचेही तेच. एके काळी देव लोकांच्या नायकांचे कपडे घालत होता, आता देवच नायक झाला आणि त्याचे साचे निघाले. मला ‘पुष्पा’पेक्षा याची अधिक धास्ती वाटते. फळीवर एकाच चेहऱ्याचे पन्नास गणपती ओळीने बसलेले पाहिले की जीव उबतो.

त्यात प्लास्टरचा पेच. 30 जानेवारी 2025 रोजी मुंबई उच्च न्यायालयाने प्लास्टरबंदी काटेकोर राबवण्यास सांगितले. 9 जूनला मूर्ती घडवायला आणि विकायला मुभा मिळाली, विसर्जनाचे बंधन राहिले. जुलैअखेर सहा फुटांपर्यंतच्या मूर्तींसाठी कृत्रिम तलाव ठरले. या सहा महिन्यांत कारखानदारांच्या तोंडचे पाणी पळाले. साचे तयार, कर्ज काढलेले आणि माल विकायचा की नाही हेच ठाऊक नाही!

मी पाण्याच्या बाजूचा आहे. विसर्जनानंतर तळ्याच्या काठाला अर्धवट विरघळलेले हात-पाय ज्याने पाहिले, तो प्लास्टरची वकिली करणार नाही. पण एक गोष्ट न्यायालयात मोजली जात नाही. प्लास्टर हलके, लवकर घट्ट होणारे. आत काथ्या घातला की उगारलेला हात, तोललेला पाय सहज उभा राहतो. शाडू जड, सावकाश वाळणारा, तडकणारा. बाहुबलीची झेप शाडूत घ्यायची म्हणजे दिव्यच. उद्या सगळे शाडूवर आले तर खर्चाला आणि तुटण्याला भिऊन कारखानदार मांडी घातलेला ठरलेला गणपतीच काढतील, अशी मला भीती वाटते. सरकारने शाडू द्यावाच. पण मूर्ती वाळवायला कोरडी जागा आणि नवा साचा करायला उसंतही द्यावी.

2025 मध्ये मी शाडूच्या मूर्तीसाठी पाट दिला आणि सहज विचारले, ‘यात तो हनुवटीचा हात जमेल का हो?’ मूर्तिकाराने ओल्या मातीचा हात उचलून पाहिला. ‘अधांतरी नाही टिकायचा, काका. पण कोपर गुडघ्यावर टेकवला आणि तळवा सोंडेला चिकटवला तर बघू.’ चतुर्थीच्या आदल्या दिवशी आणायला गेलो, तेव्हा बाप्पा सोंडेवर हात टेकून, बसल्या बसल्या ऐट करत होते.