स्टील गिटारच्या जलशांत गायकाचें स्थान

वाद्यास मान द्यावा कीं कंठास, हा वाद संगीताच्या प्रांतांत नवा नाहीं. आपल्याकडे सारंगीवाल्यानें गवयाच्या मागें बसून जन्म काढला, आणि सतारीनें मात्र स्वतंत्र आसन मिळविलें. दोघांच्याहि बाजूनें बोलणारे जाणते लोक आढळतात. ह्याच वादाचें एक रूप दूर अमेरिकेंत स्टील गिटार नांवाच्या वाद्याभोंवतीं पाहावयास मिळतें. हें वाद्य ऐकण्याकरितांच जे जलसे भरतात, त्यांत गायकास जागा असावी कीं नसावी, ह्याविषयीं त्या वाद्याच्या चाहत्यांत एकमत नाहीं. प्रश्न परका दिसतो खरा. परंतु जेथें जेथें चार जणांस मिळून एक काम करावयाचें असतें, तेथें तेथें तो वेष पालटून उभा राहतो. म्हणूनच तो विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या पालकांपुढें मांडण्याजोगा आहे असें मला वाटतें.

प्रथम ह्या वाद्याची ओळख करून देणें अवश्य आहे. साधी गिटार छातीशीं धरतात आणि डाव्या हाताच्या बोटांनीं तारा पडद्यांवर दाबतात. स्टील गिटार मांडीवर किंवा चौकटीवर आडवी ठेवतात, व डाव्या हातांत पोलादाचा गुळगुळीत तुकडा घेऊन तो तारांवरून सरकवितात. पडद्यांचा अडसर नसल्यामुळें एका स्वरावरून दुसऱ्यावर जातांना मधली सारी वाट ऐकूं येते. आपण जिला मींड म्हणतों तीच ही. ही रीत बसविण्याचें श्रेय सामान्यतः हवाई बेटांतील जोसेफ केकुकु ह्यांस देतात. १८८९ च्या सुमारास, होनोलुलु येथील कामेहामेहा शाळेंत शिकत असतांना, त्यांनीं ती सिद्ध केली असें मानतात. जगभर पसरलेल्या ह्या कलेचा उगम एका शाळकरी मुलाच्या खटपटींत आहे, हें आमच्या विद्यार्थ्यांनीं ध्यानांत ठेवावें. पुढें १९१५ सालीं सॅन फ्रॅन्सिस्को येथें भरलेल्या मोठ्या प्रदर्शनांत हवाईच्या गायकवादकांनीं लोकांस वेड लाविलें, आणि हें वाद्य अमेरिकेंत घरोघर पोंचलें.

आतां मूळ वादाकडे वळूं. सेंट लुइस शहरीं डेविट स्कॉट ह्यांनीं चालविलेलें स्टील गिटारचें संमेलन पुष्कळ वर्षें भरत असे. ठिकठिकाणचे वादक तेथें जमत. साथीदारांचा संच रंगमंचावर असे, आणि एकामागून एक वादक येऊन आपल्या वांट्याच्या वेळांत आपलें कसब दाखवी. अशा जलशांत कोणी गायक उभा राहिला कीं कांहीं श्रोत्यांच्या कपाळास आठी पडते. त्यांचें म्हणणें थोडक्यांत असें: “हा वादक वर्षभर गायकाच्या पाठीमागें बसतो. दोन कडव्यांच्या मध्यें चार मात्रांची जागा मिळाली तर मिळाली. लोक गायकाचें नांव घेत घरीं जातात, ह्याचें नांव कोणी विचारीत नाहीं. वर्षांतून एकदां त्याच्या वाद्याचा सण येतो. तेथेंहि गायकानेंच पुढें यावें काय?”

ह्या तक्रारींत तथ्य आहे, तें नाकारणें अन्यायाचें होईल. मनुष्याच्या कानाचा स्वभावच असा कीं, शब्द कानीं पडला कीं तो तार सोडून शब्दामागें धांवतो. गायक सामान्य असला आणि वादक असामान्य असला, तरी डोळे गायकाच्या मुखाकडेच लागतात. तेव्हां वाद्यासाठीं राखलेला वेळ वाद्यासच मिळावा असें कोणी म्हणालें, तर त्यास हटवादी म्हणतां येणार नाहीं.

तथापि एवढ्यावरून गायकास दाराबाहेर ठेवावें, हा निष्कर्ष मला मान्य नाहीं. माझें मत असें कीं, स्टील गिटार ही बोलावयास शिकली ती गाण्याच्याच मांडीवर; आणि आईस घराबाहेर काढून मुलाचा वाढदिवस करणें शोभत नाहीं.

दोन उदाहरणें देतों. अमेरिकेंतील ग्रामीण गीतांचा विख्यात गायक हँक विल्यम्स (१९२३–१९५३) ह्याच्या साथीस डॉन हेल्म्स हा स्टील गिटार वाजवी. हँकचा आवाज ज्या पट्टींत फिरे, तिच्याहून वरच्या पट्टींत हेल्म्स आपली तार ठेवी. त्यामुळें आवाजास आवाज अडखळत नसे, आणि गीताचा शोक जणूं दोन कंठांतून निघे. आज ते ध्वनिलेख ऐकणारा मनुष्य हेल्म्सचे ते थोडे स्वर विसरूं शकत नाहीं. स्वतःस आंवरून धरल्यामुळें तो वादक लहान झाला नाहीं. दुसरें उदाहरण १९५४ सालचें. वेब पिअर्स ह्या गायकाचें ‘स्लोली’ हें गीत त्या वर्षीं फार लोकप्रिय झालें. त्यांत बड आयझॅक्स ह्या वादकानें तार वाजत असतांनाच पायानें पेडल दाबून स्वर चढविला. तो नवा ध्वनि कानीं पडतांच इतर वादकांनीं आपापल्या गिटारीस तशीं पेडलें बसविण्याची घाई केली. पेडल स्टील गिटारचें युग ज्या गीतानें लोकांच्या कानांपर्यंत नेलें, तें एका गायकाचें गीत होतें. एखाद्या वादकांच्याच सभेंत तो प्रयोग झाला असता, तर पांचपन्नास जाणत्यांनीं माना डोलविल्या असत्या, आणि गोष्ट तेथेंच राहिली असती.

ह्या संबंधांत एका दांपत्याची हकीकत मला विशेष हृद्य वाटते. टाऊ मो आणि त्यांची पत्नी रोझ ह्या उभयतांनीं हवाई संगीत घेऊन अनेक दशकें देशोदेशीं प्रवास केला. टाऊ मो स्टील गिटार वाजवीत व रोझ गात असत. दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत त्यांचें वास्तव्य कलकत्त्यास होतें, आणि आपल्या देशांत ह्या वाद्याची गोडी वाढविण्यांत त्यांचा वांटा मोठा आहे. १९२९ सालीं टोकियो येथें त्यांनीं कांहीं गीतें ध्वनिमुद्रित केलीं होतीं. जवळजवळ साठ वर्षांनीं बॉब ब्रॉझमन ह्या वादकाच्या सहकार्यानें तारुण्यांतील तीं गीतें त्या वृद्ध जोडप्यानें पुन्हां मुद्रित केलीं, व तो संग्रह १९८९ सालीं प्रसिद्ध झाला. त्या संसारांत गायिका मुख्य कीं वादक मुख्य, हा प्रश्न कोणी विचारला असता तर तीं दोघेंहि हसलीं असतीं.

ख्रिस्ती उपासनेंतहि ह्याची साक्ष मिळते. ‘हाउस ऑफ गॉड’ ह्या नांवाच्या, आफ्रिकी वंशाच्या अमेरिकन ख्रिस्ती मंडळींत १९३० नंतरच्या दशकाच्या अखेरीपासून स्टील गिटार वाजूं लागली. विली ईसन हे तिच्या आद्य वादकांपैकीं एक होत. इतर मंदिरांत जें काम ऑर्गन करतो, तें तेथें ही गिटार करते. मंडळी गाते, गिटार उत्तर देते. उपदेशकाचा स्वर चढतो, तसा तिचाहि चढतो. तेथें गाणारा एकटा नसून सारी मंडळी गाणारी असते. कोणी कोणाची जागा घेतली असें तेथें कोणास वाटत नाहीं, कारण दोघांचेंहि मुख एकाच दिशेस असतें.

ह्यावर कोणी म्हणेल, “आपल्याच देशांत ही गिटार गायकावांचून लोकप्रिय झाली, त्याचें काय?” गोष्ट खरी आहे. व्हॅन शिपले, सुनील गांगुली ह्यांच्या गिटारीच्या तबकड्या एके काळीं पुष्कळ घरांत वाजत, आणि त्यांत शब्द एकहि नसे. परंतु त्या सुरावटी चित्रपटांतील गीतांच्या होत्या. शब्द श्रोत्याच्या मनांत अगोदरच तयार होते. वादकानें तार छेडली कीं श्रोता मनांत गाऊं लागे. म्हणजे गायक गैरहजर नव्हता, तो समोरच्या खुर्चींत बसला होता. रागसंगीतांतहि हेंच दिसतें. ब्रिजभूषण काबरा (१९३७–२०१८) ह्यांनीं ह्या परदेशी वाद्यावर रागाची आलापी उतरविली, व १९६७ सालच्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’ ह्या ध्वनिमुद्रिकेंत संतूर व बांसरी ह्यांच्या बरोबरीनें तिला बसविलें. त्यांचे शिष्य देबाशीष भट्टाचार्य ह्यांनीं तर अजय चक्रवर्ती ह्यांच्याकडे गायनाचेंहि शिक्षण घेतलें. तारेस दम लागत नाहीं. कोठें थांबावें, कोठें श्वास घ्यावा, हें तिला गळ्याकडूनच शिकावें लागतें.

मग जलशांत गायकास आणावें तें कोणत्या रीतीनें? माझ्या अल्पमतीप्रमाणें तीन नियम पुरेसे आहेत. पहिला, वाद्याचा जलसा हा वाद्याचाच राहावा. गायनास एक तृतीयांशाहून अधिक वेळ देऊं नये. दुसरा, गायक पाहुणा आहे हें त्यानें ओळखावें. गीत असें निवडावें कीं ज्यांत तारेस बोलावयास भरपूर जागा मिळेल, आणि ती बोलत असतांना आपण खरोखर गप्प राहावें. तिसरा, वादकाचें नांव गायकाच्या मुखानें सभेंत घेतलें जावें. एवढें पाळलें तर जुन्या श्रोत्यांची तक्रार उरणार नाहीं, आणि वाद्याचें मर्म न जाणणारा नवा श्रोता गीताचें बोट धरून आंत येईल. ज्या सभेंत वादकांवांचून दुसरे श्रोते उरत नाहींत, त्या सभेच्या खुर्च्या दरवर्षीं थोड्या थोड्या रिकाम्या होत जातात. आणि वाद्यावर खरें प्रेम करणारास ह्याचें भय गायकाहून अधिक वाटलें पाहिजे.

विद्यार्थिमित्रांनो, सकाळच्या प्रार्थनेच्या वेळीं पेटीवर बसणारा तुमचा सोबती तुम्हांस पाठमोराच दिसतो. त्याच्यावांचून तुमचे स्वर विखुरतील, आणि तुमच्यावांचून त्याची पेटी मुकीच वाजेल. स्तोत्रसंहितेच्या शेवटच्या स्तोत्रांत कर्णा, वीणा, डफ, झांजा अशीं सारीं वाद्यें एकेक करून बोलाविलीं आहेत. परंतु अखेरचें पाचारण मात्र श्वास घेणाऱ्यांस आहे. वाद्यें अगोदर आलीं म्हणून श्वास नको झाला नाहीं, आणि श्वास शेवटीं आला म्हणून वाद्यें परत पाठविलीं गेलीं नाहींत. आपापल्या पाळीस पुढें यावें आणि दुसऱ्याच्या पाळीस आनंदानें मागें सरावें, एवढें ज्यास साधलें, त्याच्या हातीं वाद्य असो वा ओठीं गीत असो, त्याची साथ सर्वांस हवीशी वाटेल.