बाजरीला तुरीची जोड

शिरूर तालुक्यातील निमोणे हे गाव सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत मोडते. पेरणीपुरता पाऊस होतो आणि बाजरी निसवण्याच्या ऐन वेळी आभाळ पाठ फिरवते, हा या अवर्षणप्रवण पट्ट्याचा जुना अनुभव आहे. 1972 च्या दुष्काळाची आठवण येथे अद्याप पुसलेली नाही. अशा भागात सारे रान एकाच पिकाच्या हवाली करणे म्हणजे वर्षाचा संसार एका पावसावर लावणे होय.

बाजरीत तूर घेण्यामागील शास्त्र सोपे आहे. बाजरी सुमारे तीन महिन्यांत काढणीस येते. तोवर तूर सावकाश वाढत असते. बाजरी निघाल्यावर तिला मोकळी जागा आणि परतीचा पाऊस लाभतो. बाजरी वरच्या थरातील ओलावा घेते, तर तुरीचे सोटमूळ खोलवर जाते. तुरीच्या मुळांवरील गाठींत हवेतील नत्र स्थिर होते, गळालेला पाला जमिनीचा कस राखतो. एक पीक हुकले तरी दुसरे हाती राहण्याची आशा असते.

राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाची शिफारस बाजरीच्या दोन ओळींस तुरीची एक ओळ अशी आहे. बी मिसळून पेरणे निराळे आणि ओळी राखून पेरणे निराळे. ओळी राखल्या तरच कोळपे नीट चालते व काढणी सुलभ होते. मात्र माळाच्या उथळ, मुरमाड रानात तुरीचा आग्रह धरू नये; तिला मध्यम खोल जमीन हवी.

ही रीत नवी नव्हे. गाव नमुना बाराच्या जुन्या स्वरूपात मिश्र पिकांसाठी स्वतंत्र रकाने होतेच. मग घोडे पेंड खाते कोठे? बाजारात! जोडपिकातून लहान शेतकऱ्याच्या हाती चार-दोन पोती तूर येते. केंद्र सरकार तुरीचा हमीभाव जाहीर करते; पण एवढ्याशा मालासाठी दूरच्या खरेदी केंद्राची खेप परवडत नाही आणि तूर मिळेल त्या भावाने जाते. यास्तव गावकऱ्यांनी माल एकत्र करावा, शक्य तेथे डाळ करूनच विकावी आणि शासनाने खरेदी गावाजवळ आणावी. बाजरीने घर चालते, तुरीने गाठीला पैसा येतो. तो वाटेतच गळू नये, एवढी व्यवस्था झाली तरच पेरणीचा सल्ला सार्थकी लागेल.