गाडी तीच कशावरून?

लिलाव हा शब्द आपल्या घरांत फारसा शुभ मानीत नाहींत. दवंडी पिटली, कोर्टाचा बेलिफ दारांत उभा राहिला, वडिलार्जित शेत कर्जापायीं दुसर्‍याच्या नांवानें पुकारलें गेलें, अशाच प्रसंगीं तो पूर्वीं कानीं पडत असे. परंतु युरोप-अमेरिकेंत गेल्या कांहीं दशकांत एक निराळाच लिलाव भरभराटीस आला आहे. तेथें विकणारा कर्जबाजारी असतोच असें नाहीं, आणि घेणारास त्या वस्तूची गरज तर मुळींच नसते. विक्रीस असतात जुन्या मोटारी. लिलावाची छापील सूची आधीं प्रसिद्ध होते व तींत प्रत्येक गाडीचें जन्मसाल, कुळी, शर्यतींतील पराक्रम, आजवरचे धनी आणि अंदाजी किंमत हीं सारीं एखाद्या स्थळाच्या टिपणाप्रमाणें दिलेलीं असतात. अमुक रकमेखालीं गाडी द्यावयाची नाहीं असें विकणारा आंतून ठरवून ठेवतो. तो आंकडा बोली लावणारांस सांगत नाहींत. हातोडा पडला म्हणजे त्या रकमेवर लिलाव करणारी पेढी घेणाराकडून साधारणतः शेंकडा दहा ते पंधरा दलाली आणखी घेते.

५ मे २०२२ रोजीं जर्मनींत स्टुटगार्ट येथें, मर्सिडीज-बेंझ कंपनीच्या संग्रहालयांत, १९५५ सालची उलेनहाउट कूपे या नांवाची गाडी १३ कोटि ५० लक्ष युरोंस विकली गेली. आपल्या चलनांत हजार कोटींहून अधिक. तोंवर लिलावांत कोणत्याही मोटारीला एवढी किंमत आलेली नव्हती. या जातीच्या गाड्याच मुळीं दोन घडविल्या गेल्या होत्या. दुसरी कंपनीनें आपल्यापाशीं ठेवली, आणि आलेल्या पैशांतून विद्यार्थ्यांसाठीं शिष्यवृत्तीचा निधि काढला. मास्तरकी केलेल्या माणसास ही शेवटची गोष्ट रुचावी हें साहजिकच आहे. पण रकमेचें आश्चर्य दोन दिवसांत ओसरतें. न ओसरणारा प्रश्न हा कीं, एवढे पैसे मोजून घेणारा नेमकें काय घरीं नेतो?

हा प्रश्न २०२३ सालच्या ऑगस्टांत कॅलिफोर्नियांतील मॉन्टरे येथें झालेल्या एका विक्रीनें अगदीं उघडा केला. तेथें १९५४ सालची फेरारी ५०० मॉन्डियाल जातीची शर्यतीची गाडी १८ लक्ष ७५ हजार डॉलरांस, म्हणजे सुमारें साडेपंधरा कोटि रुपयांस गेली. तिला गाडी म्हणावयाचें तें केवळ रीत म्हणून. अपघातांत सांपडून ती कित्येक दशकांपूर्वीं जळाली होती. उरला होता तो चुरगळलेला, गंजलेला, भोंकें पडलेला पत्रा. आपल्या गल्लींतील भंगारवाल्यानें तिचा भाव वजनावर केला असता, आणि तोही घासाघीस करून. पण त्या पत्र्याबरोबर कारखान्यानें सांगाड्यास दिलेला क्रमांक घेणाराच्या हातीं येत होता. त्या क्रमांकाभोंवतीं उद्यां नवा साटा, नवीं चाकें, नवी बैठक उभी केली तर जाणते लोक तिला १९५४ ची फेरारी म्हणतील. क्रमांकावांचून कोणी तशीच हुबेहूब गाडी, कदाचित् अधिक सुबक, उभी केली तर ती नक्कल! जुन्या मोटारींच्या बाजारांत सांगाड्याचा क्रमांक, एंजिनाचा क्रमांक आणि कारखान्याची वही हीं तिन्ही जुळणें याला जें महत्त्व आहे, तें आपल्याकडे पूर्वीं पत्रिका जुळण्यालाही नसेल.

हा वाद मोटारीच्या जन्माआधीं दोन हजार वर्षें आपल्याच भूमींत एका रथावरून झालेला आहे. पाली भाषेंतील ‘मिलिंदपञ्ह’ ग्रंथांत यवन राजा मिलिंद, म्हणजे ग्रीकांचा मिनँडर, याला भिक्षु नागसेन विचारतो कीं, महाराज, आपण कशांत बसून आलांत? रथांत, असें राजा म्हणतो. मग रथ तो कोणता? दांडी हा रथ काय? आंख काय? चाकें, जूं, लगाम, यांपैकीं कोणतें? राजा प्रत्येकाला नाहीं म्हणतो, आणि शेवटीं कबूल करतो कीं, या सर्वांच्या आश्रयानें ‘रथ’ हें नुसतें नांव चालतें. आमचे नैयायिक याहून कठोर. त्यांच्या मतें वस्त्रांतील एक तंतु काढला कीं जुनें वस्त्र नाश पावलें आणि दुसरें उत्पन्न झालें. त्यास ते खंडपट म्हणतात. ‘तेंच हें’ असें जें आपणांस वाटतें तें केवळ साम्यामुळें, जसें दिव्याच्या ज्योतीचें. असा पंडित या लिलावांत सल्लागार नेमला तर पहिल्याच दिवशीं पेढीला कुलूप लागेल. सत्तर वर्षें वापरलेल्या कोणत्या गाडीचा निदान एक खिळा तरी बदललेला नसतो?

न्यायाधीशाला मात्र असें हात झटकून मोकळें होतां येत नाहीं. १९९० सालीं लंडनच्या हायकोर्टांत न्यायमूर्ति ऑटन यांच्यापुढें नेमका हाच तंटा आला आणि त्यांत एक कोटि पौंड अडकलेले होते. गाडी बेंटले कंपनीची, ‘ओल्ड नंबर वन’ या नांवानें विख्यात. फ्रान्समधील ले मान येथें चोवीस तास अखंड चालणारी जी शर्यत होते, ती या गाडीनें १९२९ आणि १९३० अशीं लागोपाठ दोन वर्षें जिंकली. दोन्ही खेपेस चालकांपैकीं एक वुल्फ बर्नाटो, म्हणजे ज्याच्या पैशावर कंपनी उभी होती तो धनीच. शर्यतीची गाडी ही कांहीं देव्हार्‍यांतील मूर्ति नव्हे. दुसर्‍या वर्षाच्या शर्यतीआधीं तिच्यांत पुष्कळ फेरबदल झाले, त्यापुढील वर्षीं इंग्लंडांत ब्रुकलंडच्या शर्यतीसाठीं आणखी झाले. १९३२ सालीं तिला आठ लिटरचें दांडगें एंजिन बसविलें. त्याच सप्टेंबरांत ब्रुकलंडच्या कललेल्या वळणाच्या माथ्यावरून ती पलीकडे कोसळली आणि चालक क्लाइव्ह डन्फी ठार झाला. मोडलेली गाडी पुन्हां बांधली, तिच्यावर बंद साटा चढविला, ती साध्या रस्त्यावर धांवूं लागली. असे अनेक जन्म घेत ती १९९० सालीं विक्रीस आली. सौदा ठरला, मग घेणार्‍या कंपनीच्या मनांत शंका शिरली कीं, ही ती नव्हेच, आणि मालक फिर्यादीस गेले.

तज्ज्ञांच्या साक्षी झाल्या, एकेक भाग तपासला. १९२९ च्या गाडीचें काय राहिलें होतें? पायांखालच्या पट्ट्यांचा दांडा, गिअरच्या पेटीचें कवच आणि सुकाणूचा दांडा, एवढेंच. १९३० च्या गाडीचें त्याहून कांहींसें अधिक. आमच्या नैयायिकानें येथेंच फिर्याद काढून टाकली असती. न्यायमूर्तींनीं तसें केलें नाहीं. ‘मूळची’ हा शब्द त्यांनीं या गाडीस नाकारला. कारण मूळची म्हणजे कारखान्यांतून निघाली तेव्हांचेच भाग असलेली, आणि तशी ती दुसर्‍याच वर्षीं उरली नव्हती. परंतु ती नक्कल आहे, किंवा नाहींशी होऊन पुन्हां निर्माण केलेली आहे, हेंही त्यांनीं मानलें नाहीं. ही गाडी संपली आणि येथून दुसरी सुरू झाली असा क्षण तिच्या आयुष्यांत कोणासही दाखवितां आला नाहीं. जो भाग आला तो तिच्यांत सामावला व तिचाच झाला. सबब ती ‘ओल्ड नंबर वन’च होय आणि सौदा पुरा केला पाहिजे, असा निकाल झाला.

मला हा निकाल पटतो, आणि पटतो तो देवघरामुळें. कुलस्वामिनीचा टाक पिढ्यान्‌पिढ्यांच्या अभिषेकानें झिजला, मुखवटा दिसेनासा झाला, म्हणजे आपण सोनाराकडून नवा घडवितों व विधिपूर्वक त्याची स्थापना करतों. चांदी नवी, सोनार नवा. पण दुसर्‍या दिवशीं पणजीचीच देवी पूजेस बसलेली असते, कारण पूजेंत खंड पडलेला नसतो. मात्र खंड पडला नाहीं हें घरांतल्यांना ठाऊक असतें. परक्याला तें सिद्ध करून द्यावें लागतें, आणि मोटारींच्या बाजारांत जो खरा पैसा मोजला जातो तो या पुराव्याचा.

म्हणूनच तेथें धूळसुद्धां विकली जाते. फ्रान्सच्या पश्चिम भागांतील एका वाहतूकदार गृहस्थानें १९५० नंतरच्या वर्षांत जुन्या मोटारींचें संग्रहालय करावें म्हणून गाड्या जमविल्या. पुढें धंदा बसला, कांहीं गाड्या विकाव्या लागल्या, उरलेल्या पडवींत आणि पत्र्याच्या छपराखालीं कुजत पडल्या. २०१४ सालीं लिलाववाल्यांनीं आंत जाऊन पाहिलें आणि ६ फेब्रुवारी २०१५ रोजीं पॅरिस येथें त्यांपैकीं ५९ गाड्या विक्रीस काढल्या. सर्वांत मोल आलें तें एका फेरारीला. ती एके काळीं अ‍ॅलन डेलॉन या प्रसिद्ध फ्रेंच नटाची होती, आणि सांपडली तेव्हां तिच्यावर वर्तमानपत्रांचे व मासिकांचे गठ्ठे रचलेले होते. (मासिकांचा हाही एक उपयोग आहे, हें आमच्या संपादकांनीं ध्यानांत घ्यावें.) ती १ कोटि ६३ लक्ष युरोंच्या घरांत गेली. विकणारांनीं तिला पाणीसुद्धां लावलें नव्हतें. आपल्या घरची कोणतीही गृहिणी तेथें असती तर आधीं चिंच आणि राख मागविती, आणि तासाभरांत गाडीचें मोल निम्म्यावर आणून ठेवती. कारण ती धूळ म्हणजे इतक्या वर्षांत कोणीं हात लावला नाहीं याची साक्ष होती.

नांवावरूनही घोळ होतो. १९३९ सालीं फर्डिनंड पोर्शे यांच्या कचेरीनें बर्लिन-रोम शर्यतीसाठीं ‘टाइप ६४’ नांवाच्या गाड्या केल्या. युद्ध सुरू झालें, शर्यत राहून गेली. त्यांतली एक १७ ऑगस्ट २०१९ रोजीं मॉन्टरे येथेंच ‘पोर्शे हें नांव धारण करणारी सर्वांत जुनी गाडी’ म्हणून पुकारली गेली. पोर्शे नांवाच्या मोटारी निघूं लागल्या १९४८ सालीं. तेव्हां हिला पोर्शे म्हणावें काय, यावर आधींच कुजबूज होती. त्यांत पुकारणारा एक कोटि तीस लक्षांपासून आरंभ करीत असतां ‘थर्टीन’चें ‘थर्टी’ ऐकूं आलें व फलकावर तीन कोटि झळकले. पाहतां पाहतां फलक सात कोटींवर गेला, आणि मग खुलासा झाला कीं आंकडा एक कोटि सत्तर लक्षांचा, ‘सेव्हन्टीन’चा. सभेंत हुर्यो झाली, गाडी विकल्यावांचून परत गेली. एकोणसाठ आणि एकोणसत्तर यांत गोंधळणार्‍या मुलांस आपण छडी दाखवीत आलों; इंग्रजी आंकडेही कांहीं कमी दगलबाज नाहींत.

आतां आपल्या देशाकडे वळूं. संस्थानिकांनीं विलायतेंत खास बांधून घेतलेल्या पुष्कळ गाड्या संस्थानें गेल्यानंतरच्या काळांत बाहेर गेल्या. राजकोटच्या ठाकुरसाहेबांसाठीं १९३४ सालीं घडविलेली ‘स्टार ऑफ इंडिया’ ही रोल्स-रॉइस अशीच परदेशीं गेली होती; कित्येक वर्षांनीं त्याच घराण्यानें ती परत आणली. जुलै २०२१ मध्यें केंद्र सरकारनें जुन्या वाहनांसाठीं नवे नियम केले. पहिल्या नोंदणीस पन्नास वर्षांहून अधिक काळ लोटलेल्या दुचाकी व चारचाकी वाहनांस ‘व्हीए’ अक्षरांचा निराळा क्रमांक मिळतो. नव्या नोंदणीस फी २० हजार रुपये, दहा वर्षांनीं ती पुन्हां करण्यास ५ हजार. रोजच्या वापरास किंवा धंद्यास तें वाहन लावतां येत नाहीं. परंतु खरी मेख व्याख्येंत आहे. वाहन मूळ रूपांत राखलेलें पाहिजे, आणि सांगाडा, साटा अथवा एंजिन यांत फेरबदल करणारी मोठी दुरुस्ती त्यावर झालेली असतां कामा नये. हा नियम अक्षरशः वाचला तर ज्या बेंटलेला लंडनच्या न्यायाधीशानें तीच ती म्हणून मान्य केलें, तिला आपला परिवहन कचेरींतला कारकून दारांतूनच परत लावील. दिल्लीनें येथें नैयायिकांचा पक्ष घेतला आहे, मग तो जाणून असो वा नकळत.

ज्या घरांत वाड्याच्या मागील गोठ्यांत आजोबांची एखादी मॉरिस किंवा ऑस्टिन विटांवर उभी आहे, त्या घराला या सार्‍याचा थेट संबंध पोंचतो. वांटण्यांच्या वेळीं दागिने काट्यावर तोलतात, भांडीं मोजतात, आणि मोटारीची अडगळ म्हणून कोणाच्या तरी गळ्यांत बांधतात. तिचीं कागदपत्रें मात्र रद्दींत जातात. तेथेंच तिचें आयुष्य तुटतें. उत्साही पुतणे तिला चकचकीत लाल रंग देऊन, आंत नवें डिझेल एंजिन घालून लग्नाच्या वरातीस काढतात, तेव्हां तर कांहींच उरत नाहीं. रंग देऊं नये. पावसाचें पाणी तिच्यावर येऊं देऊं नये, इतकें पुरे. जुनें नोंदणीपुस्तक, विम्याचे कागद, कारखान्याच्या दुरुस्तीच्या पावत्या, टायर घेतल्याच्या चिठ्ठ्या, हें सर्व एका पेटींत एकत्र ठेवावें, आणि ती पेटी गाडीच्या वांट्याबरोबरच जावी असें वांटणीपत्रांत लिहून घ्यावें. आजोबा गाडीला टेकून उभे आहेत व मागें क्रमांकाची पाटी दिसते आहे असें छायाचित्र भिंतीवर असेल तर तें उतरवून पाठीमागें साल, गांव आणि काढणाराचें नांव, घरांतील वडील माणसांस विचारून, शिसपेनीनें लिहून ठेवावें. हें काम येत्या सुटींतच करावें, कारण ज्यांना तें साल आठवतें तीं माणसें घरांत आतां एकदोनच असतील.